रोजकीर्द आणि गोषवारा



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ हे व्याख्यान होते, त्यांच्या व्यासपीठावर मराठीच्या एका निवृत्त प्राध्यापकाने संतवाङ्मयावर बोलावे, अशी आपली अपेक्षा असणे स्वाभाविक आहे. मी मात्र नोकरीच्या अर्जाला जोडावयाच्या कागदावर बोलणार आहे. विषय कळविला तेव्हा संयोजकांनी दूरध्वनीवर तो पुन्हा एकदा विचारून घेतला. माझे समर्थन एवढेच, की ऐतिहासिक मराठी गद्याचा अभ्यास करताना माझी बरीच वर्षे अशाच कागदांत गेली आहेत. माणसाने आपला वृत्तान्त आपल्याहून समर्थ अशा कोणापुढे तरी ठेवावयाचा आणि त्याच्या बळावर काही मागावयाचे, हा प्रकार आपल्या भाषेला मुळीच नवा नाही.

'रेझ्युमे' हा शब्द फ्रेंच. त्याचा अर्थ सारांश. 'करिक्युलम व्हिटी' हे लॅटिन; आयुष्याची वाटचाल असा त्याचा भाव. 'बायोडाटा' म्हटले की आपल्या घरांतून अजूनही आधी मुलामुलीचे लग्न आठवते आणि उंची, गोत्र, नाडी या क्रमाने माहिती बाहेर पडू लागते. पण मराठीत या वस्तूला एक चांगला शब्द पूर्वीपासून आहे, तो म्हणजे गोषवारा. फारसीतून आलेला हा शब्द हिशेबाच्या वह्यांत नांदला. दिवसाचा व्यवहार त्या दिवशीच रोजकीर्दीत लिहावयाचा, तेथून तो खात्यावार खतावणीत न्यावयाचा आणि मग त्या सगळ्यांवरून गोषवारा काढावयाचा. गोषवारा कधी स्वयंभू नसतो. त्याच्या प्रत्येक आकड्यामागे कीर्दीतले एक पान असते. माझे आजचे म्हणणे या एका शब्दात मावते. गोषवारा जाणकाराकडून लिहून घेण्यात काहीच गैर नाही. परंतु रोजकीर्द ज्याची त्यानेच ठेवली पाहिजे, आणि ती चालू ठेवली पाहिजे.

मराठेशाहीच्या कागदपत्रांत करीना आणि कैफियत या नावांचे कागद विपुल सापडतात. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' प्रसिद्ध करावयास आरंभ केला, त्या खंडांतून हा गद्यप्रकार अभ्यासकांच्या परिचयाचा झाला. वतनाचा तंटा उभा राहिला, की पक्षकाराने आपला करीना लिहून द्यावयाचा. वतन मूळ कोणी संपादिले, त्याचा पुत्र कोण, नातू कोण, मध्यंतरी कोणी घुसखोरी केली, कोणत्या धामधुमीत कागद गेले, कोण साक्षीदार हयात आहेत, हे सारे क्रमाने त्यात येते. शैली रोकडी असते. विशेषणे जवळजवळ नसतात, कारण विशेषणाने वतन मिळत नसे. नाव, गाव, साल आणि शिक्का यांनी मिळे. नवा धनी गादीवर आला की जुन्या सनदा पुन्हा करून घेण्याचीही चाल होती. म्हणजे आजोबांच्या सनदेवर निश्चिंत बसलेला वतनदार आणि दहा वर्षांपूर्वीचा बायोडाटा पुढे करणारा उमेदवार यांची जात एकच.

बनावट कागदही पुष्कळ होत, हे सांगितले पाहिजे. ते ओळखण्याची एक साधी कसोटी जुने संशोधक लावीत. कागदावरील शक, संवत्सर, तिथी आणि वार यांचा मेळ बसतो की नाही, हे जंत्रीत पाहावयाचे. मजकूर कितीही डौलदार असो, तिथी आणि वार एकमेकांशी भांडू लागले की कागदाची पत गेली. आज एका नोकरीचा शेवटचा महिना आणि दुसरीचा पहिला महिना जुळत नाही, तेव्हा मुलाखत घेणाऱ्याची भिवई वर जाते, ती त्याच जंत्रीने.

कागद नसण्याची किंमत काय असते, हे मुंबई इलाख्याने इनाम कमिशनच्या काळात पाहिले. १८५२ च्या अकराव्या कायद्याने या कमिशनला अधिकार मिळाले आणि पिढ्यान्‌पिढ्या जमीन उपभोगणाऱ्यांना हक्काचा पुरावा दाखवा असा हुकूम झाला. ज्यांची दप्तरे रुमालात नीट बांधलेली होती ते तरले. ज्यांनी सगळे तोंडी ठेवले होते त्यांतील कित्येकांची इनामे गेली. कमिशनचा हेतू महसूल वाढविण्याचा होता, हे खरेच. त्याची तरफदारी मी करीत नाही. पण सत्तेचा हेतू शुद्ध नसतो तेव्हा तर कागदाची गरज अधिक असते.

आता लिहिणाऱ्याकडे वळू. हे कागद पक्षकार स्वतः लिहीत नसत. मोडी लिहिणारा कारकून वेगळा, मजकूर सांगणारा वेगळा. त्यात कोणाला कमीपणा वाटत नसे. बाळाजी आवजी चिटणीसांची आख्यायिका आपण सर्वांनी ऐकली आहे. पत्र लिहावयाचे राहून गेले होते, महाराजांनी ते वाचून दाखवावयास सांगितले, तेव्हा बाळाजींनी कोरा कागद हाती धरून सगळा मजकूर अस्खलित वाचला, अशी ती कथा. ती अक्षरशः खरी असो वा नसो, आपल्याला ती आवडते, कारण तीत चिटणिशीचे मर्म आहे. कागद कोरा असला, तरी महाराजांचा मनोदय लिहिणाऱ्याच्या मनात पुरा भरलेला होता. कागदही कोरा आणि मनही कोरे, असे लेखनिक हल्ली जागोजागी भेटतात, म्हणून हा भेद सांगितला.

युरोपातही हेच. पहिला रेझ्युमे म्हणून लिओनार्दो द व्हिंची याने सुमारे १४८२ साली मिलानचा सत्ताधीश लुडोविको स्फोर्झा याच्यासाठी तयार केलेल्या पत्राचा नेहमी दाखला देतात. हलके पूल, वेढ्याची यंत्रे, तोफा यांविषयी आपण काय काय करू शकतो ते त्यात एकापुढे एक सांगितले आहे. शांततेच्या काळातली कामे, म्हणजे वास्तू, शिल्प आणि चित्रकला, अगदी शेवटी येतात. समोरच्याला युद्धाची चिंता होती, म्हणून हा क्रम. मला त्याहून महत्त्वाची वाटणारी गोष्ट अशी, की त्या पत्राचा जो मसुदा शिल्लक आहे, तो लिओनार्दोच्या हस्ताक्षरातला नाही, असे अभ्यासक सांगतात. ज्ञान त्याचे, अक्षर दुसऱ्याचे.

मित्रहो, इतक्या दूर जाण्याचेही कारण नाही; आपले भोपाळच या विषयाची मोठी शाळा आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवे मध्य प्रदेश राज्य झाले आणि हे शहर त्याची राजधानी झाले. नागपूर राजधानी असलेले जुने मध्य प्रदेश, ग्वाल्हेर-इंदूरचे मध्य भारत, रीव्याकडचे विंध्य प्रदेश आणि खुद्द भोपाळ अशा चार कारभारांतील नोकरवर्ग एका छताखाली आला. टी. टी. नगरातल्या सरकारी घरांतून जी मराठी कुटुंबे राहू लागली, त्यांतील पुष्कळ नागपूर, ग्वाल्हेर, इंदूर येथून याच कारणाने आलेली. आमच्या पिढीने लहानपणी 'ग्रेडेशन लिस्ट' हे शब्द रामरक्षेइतक्या वेळा ऐकले असतील. चार राज्यांतील चार पदनामे. त्यांत समान कोणती, ज्येष्ठ कोण, कनिष्ठ कोण? एका ओळीच्या खालीवर होण्याने माणसाची बढती दहा वर्षे लांबे, आणि त्याबरोबर मुलीचे लग्न आणि घराचा पायाही लांबे.

हे तंटे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. 'भारत सरकार विरुद्ध पी. के. रॉय' हा मध्य प्रदेशातील अभियंत्यांच्या ज्येष्ठतेविषयीचा खटला १९६८ च्या निकालसंग्रहांत छापलेला आहे. पदांची समानता ठरविण्याच्या चार कसोट्या त्यात नमूद आहेत. पदाचे स्वरूप आणि कर्तव्ये, अधिकार, जबाबदारी आणि त्याखालचा प्रदेश वा कार्यभार, भरतीसाठी लागणारी किमान पात्रता, आणि पगार. पदाचे नाव या चारांत नाही, आणि पगाराचा क्रमांक शेवटचा आहे. परिचयपत्र कसे लिहावे यावरची कितीतरी जाडजूड पुस्तके मी चाळली. या चार कसोट्यांहून नेमके त्यांत फारसे काही आढळले नाही. 'सहायक व्यवस्थापक' असे लिहून काहीच कळत नाही. काय करीत होतो, किती माणसे आणि किती रकमेची जबाबदारी होती, सही कोठपर्यंत चालत होती, हे लिहिले की माणूस उभा राहतो.

सरकारी नोकराची रोजकीर्द म्हणजे सेवापुस्तिका. केंद्र सरकारच्या वित्तीय नियमांत २००५ सालापासून अशी तरतूद आहे, की सेवापुस्तिकेच्या दोन प्रती ठेवाव्या, एक कार्यालयात आणि दुसरी नोकरापाशी. आणि दर जानेवारीत नोकराने आपली प्रत कार्यालयाला देऊन ती अद्ययावत करून घ्यावी. ही तरतूद किती जण पाळतात, हा निराळा विषय. १२ जून २०२३ रोजी सातपुडा भवनाला आग लागली आणि तिसऱ्या मजल्यापासून सहाव्यापर्यंत पसरली, तेव्हा हजारो फायलींची राख झाली. त्या संध्याकाळी धुराचा लोट पाहताना सेवानिवृत्तांपैकी अनेकांनी घरी जाऊन कपाट उघडले असेल, अशी माझी खात्री आहे.

आपली मराठी माणसांची एक अडचण वेगळीच आहे. समर्थांनी मूर्खलक्षणांत आत्मस्तुतीला जागा दिली, ती आपण इतकी मनावर घेतली की केलेले कामही सांगावयाचे नाही. स्त्रियांच्या बाबतीत तर हे टोकाला जाते. माझ्या एका विद्यार्थ्याच्या मातोश्रींना यजमानांच्या निधनानंतर वसतिगृहात अधीक्षिकेची जागा हवी होती. त्यांनी स्वतःविषयी लिहिले ते असे: नाव, जन्मतारीख, बी. ए., गृहिणी. कारखान्याच्या कार्मिक विभागातून निवृत्त झालेले एक गृहस्थ शेजारी होते. ते दोन संध्याकाळी त्यांच्यासमोर बसले आणि नुसते प्रश्न विचारीत राहिले. बाई नऊ वर्षे एका महिला पतपेढीच्या खजिनदार होत्या. गणेशोत्सवाच्या भोजनाचा शिधा त्या काढून देत. १९८४ च्या वायुदुर्घटनेनंतर एका मदतकेंद्रात तीन आठवडे रुग्णांची नोंदवही त्यांनी लिहिली होती. "ते काय सांगायचं, भाऊ? तेव्हा सगळेच करत होते," असे त्यांचे म्हणणे. दुसरी संध्याकाळ निव्वळ साले जुळविण्यात गेली. पतपेढीच्या अहवालांवरच्या सह्या तेथे उपयोगी पडल्या. ती जागा त्यांना मिळाली नाही. पुढच्या वर्षी दुसरीकडे मिळाली, त्याच कागदावर, दोन ओळी वाढवून.

जाणकाराची मदत ती ही. त्या गृहस्थांनी एकही गुण बाईंना नव्याने चिकटविला नाही. जे होते ते बाहेर काढले, चाळले आणि वाचणाऱ्याला ज्याची गरज ते वर ठेवले. याचे मोल द्यावे. वकिलाला देतो, शिंप्याला देतो, तसे.

उलट उदाहरणही आहे. एका होतकरू तरुणाने पैसे मोजून परिचयपत्र लिहून आणले. गुळगुळीत कागद, 'नेतृत्व', 'संघभावना', 'ध्येयनिष्ठा' यांची रेलचेल, आणि मध्येच एक वाक्य, की त्याने बारा जणांच्या गटाचे संचालन केले. प्रत्यक्षात तो त्या बारा जणांचा हजेरीपट भरत असे. लिहिणाऱ्याने त्याला प्रश्नच विचारला नव्हता. मुलाखतीत मात्र विचारला गेला, आणि मग हजेरीपट नीट ठेवल्याचे खरे श्रेयही त्याच्या हाती राहिले नाही. आता संगणकाला चार शब्द सांगितले की तोही क्षणात पानभर मजकूर काढून देतो. शुद्धलेखन आमच्या पुष्कळ पदवीधरांहून बरे असते, हे मी मान्य करतो. पण त्याला आपण कीर्द दिली नाही, तर तो कोऱ्या कागदावरून वाचणार, आणि तो काही बाळाजी आवजी नव्हे.

तेव्हा रोजकीर्दीविषयी दोन शब्द, आणि मी थांबतो. साधी दोनशे पानी वही पुरे. काम सुरू झाल्याचा आणि संपल्याचा दिवस, पदाचे त्या कार्यालयातले नेमके नाव, वरिष्ठांचे नाव, हाताखालची माणसे, रक्कम, आणि जे नवे शिकलो ते, असे त्या त्या वेळी लिहावे. अपयशही लिहावे. ते गोषवाऱ्यात येणार नाही. पण कीर्दीतून गाळलेले पान पुढे सगळ्या वहीवरचा विश्वास घालवते, निदान स्वतःचा तरी. नावाचे लेखन शाळेच्या दाखल्यावर आहे तेच सर्वत्र ठेवावे. आडनावातल्या एका वेलांटीने लोकांना वर्षभर हेलपाटे घालावे लागलेले मी पाहिले आहेत. वही नोकरी शोधतानाच उघडावयाची नसते. नोकरी सुखाची चाललेली असते तेव्हाच ती नीट लिहिली जाते.

शाळेला माझी एक विनंती आहे आणि मुख्याध्यापिकाबाईंनी ती तत्त्वतः मान्य केली आहे. दर जानेवारीत एका रविवारी शाळेचा एक वर्ग माजी विद्यार्थ्यांसाठी उघडा ठेवावा. आपल्यांत कार्मिक विभागांतून, बँकांतून, सचिवालयातून निवृत्त झालेली मंडळी आहेत. त्यांनी समोर बसून प्रश्न विचारावे. दहावी-बारावीची मुले शेजारी बसवावी, म्हणजे त्यांना ऐकता येईल. मी स्वतः दहा वाजता येऊन बसेन. येणाऱ्यांनी वही आणि मूळ कागद आणावे. नुसत्या झेरॉक्स आणू नयेत, कारण तारखा बहुधा मागच्या बाजूला असतात.