छर्रा थांबतो कुठे?

2008 साली बीजिंग येथे अभिनव बिंद्रा यांनी 10 मीटर एअर रायफलच्या स्पर्धेत सुवर्णपदक मिळविले आणि 2012 साली लंडन येथे हैदराबादच्या गगन नारंग यांनी त्याच प्रकारात कांस्यपदक जिंकले. अशा यशाच्या वार्ता ऐकून मुलांना या खेळाची ओढ लागावी, हे स्वाभाविकच होय. परंतु घरात हवेची बंदूक आली, की नेम कसा धरावा एवढेच सर्वजण विचारतात. सुटलेला छर्रा थांबणार कुठे, हा प्रश्न खरे म्हणजे त्याच्या आधीचा आहे.

स्पर्धेतील छर्रा शिशाचा, 4.5 मिलिमीटर व्यासाचा आणि सुमारे अर्धा ग्रॅम वजनाचा असतो. तो सेकंदाला 170 मीटरांच्या आसपास वेगाने निघतो. एवढासा कण डोळा कायमचा घालविण्यास पुरेसा आहे. विटेवर, दगडावर किंवा लोखंडावर तो आदळला तर दोनतीन मिलिमीटरांत थांबावा लागतो, आणि म्हणून चपटा होऊन किंवा फुटून उलट फिरतो. तोच छर्रा मऊ पदार्थात 10 सेंटिमीटर शिरून थांबला, तर त्याच्यावर पडणारा जोर कित्येक पटींनी कमी होतो आणि तो आतच राहतो. छर्रा अडविणाऱ्या पेटीचे सारे रहस्य इतकेच आहे.

अशी पेटी अडगळीतील वस्तूंतून उत्तम साधते. गोडेतेलाचा 15 किलोंचा चौकोनी डबा घ्यावा. त्याचे वरचे झाकण कापून काढावे आणि कापलेल्या कडा हातोडीने आत दुमडून घ्याव्यात, म्हणजे हात कापणार नाही. डबा आडवा ठेवून तळाशी लाकडाची जाड फळी बसवावी. मोडक्या पाटाचा तुकडाही चालेल. तिच्यापुढे मासिकांची किंवा वर्तमानपत्रांची रद्दी सुतळीने घट्ट बांधून अशी उभी करावी, की पानांची सपाट बाजू नेमबाजाकडे येईल. उरलेल्या जागेत जुन्या धोतरांच्या, लुगड्यांच्या चिंध्या दाबून भराव्यात. बटणे व हुका मात्र आठवणीने काढून टाकाव्यात. तोंडावर पुठ्ठा बसवून त्यावर लक्ष्याचा कागद चिकटवावा. पुढे मऊ, मध्ये दाट आणि शेवटी कठीण, हा क्रम उलटा होता कामा नये.

पेटी तयार झाली म्हणजे काम संपले, असे नव्हे. नवशिक्याचा नेम डब्याच्या तोंडाबाहेरही जातो. म्हणून आरंभ 5 मीटरांवरून करावा, पेटी भक्कम भिंतीपुढे ठेवावी आणि दोहोंच्या मध्ये एक जुनी जाड गोधडी सैल टांगावी. चुकलेला छर्रा तिच्यात जोर गमावून खाली पडतो. जवळ उभे राहणाऱ्या प्रत्येकाने डोळ्यांवर संरक्षक चष्मा लावावा. पहिले दहाबारा छर्रे झाडून झाल्यावर पेटी उघडून ते किती खोल गेले, हे पाहावे. फळीवर खुणा दिसल्या तर भरण अपुरे समजावे. नेम सुधारत जातो, तसतसे छर्रे एकाच जागी लागून तेथे बोगदा पडतो. तेव्हा चिंध्या हलवाव्यात आणि रद्दीचा गठ्ठा फिरवावा. ही पेटी कमी जोराच्या बंदुकीसाठी व शिशाच्या छऱ्यांसाठीच आहे. पोलादी गोळ्या उसळतात, त्या तिच्यावर कदापि झाडू नयेत.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी. शिसे हे विष आहे, आणि लहान मुलांच्या मेंदूस ते विशेष अपायकारक ठरते. मोकळ्या अंगणात झाडलेले छर्रे मातीत राहतात. पेटीतले मात्र गोळा करता येतात. ते मोठ्या माणसाने हातमोजे घालून काढावेत, बंद बरणीत साठवून भंगाराच्या व्यवहारात शिसे घेणाऱ्यास द्यावेत आणि नंतर हात साबणाने धुवावेत. ते घरी वितळविण्याच्या भरीस पडू नये. त्या चिंध्याही पुन्हा घरात वापरू नयेत.

एअर रायफलच्या लक्ष्यावरील दहा गुणांचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर असतो. तो वेधण्यास वर्षे लागतात. परंतु छर्रा कोणाच्या डोळ्यात, शेजाऱ्याच्या खिडकीत किंवा कुंपणावरच्या चिमणीच्या अंगात जाणार नाही, एवढी व्यवस्था पहिल्याच दिवशी करता येते. ती केल्याखेरीज ज्याचे बोट घोड्याकडे जात नाही, त्यालाच नेमबाज म्हणावे.