सिकलसेल, सोयरीक आणि समुपदेशन

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनाला दरवर्षी धम्मावर नाहीतर चळवळीवर भाषण होते. यंदा विहार कमिटीने आम्हाला सांगितले, भाऊ, सिकलसेलवर बोला. आता आम्ही काही डॉक्टर नाही. गिरणीत सूत काढणारी माणसे. जे कळते ते वाचून, शिबिरात डॉक्टरांसाठी खुर्च्या लावता लावता ऐकून, आणि चुका करून कळलेले आहे. म्हणून आधी चूकच सांगतो.

2011 साली याच हॉलमध्ये आम्ही रक्ततपासणीचे शिबिर घेतले. सगळी वस्ती लोटली होती. रिपोर्ट आले, पण घरोघर वाटायला माणसे कमी पडली. मग आम्ही काय केले? विहाराच्या फलकावर यादी लावली. नाव, आडनाव, आणि त्यापुढे एए, एएस, एसएस. दहावीचा निकाल लावावा तशी! आम्हाला वाटले, फार मोठे समाजकार्य केले.

आठ दिवसांत यादीने आपला गुण दाखवला. वस्तीतल्या एका पोरीचे साक्षगंध ठरले होते. तिच्या नावापुढे एएस. मुलाकडचे कोणी तरी फलक वाचून गेले आणि निरोप आला, पोरीच्या रक्तात खराबी आहे, सोयरीक नको. तिची माय आमच्या दारात उभी राहून म्हणाली, "भाऊ, तुम्ही माह्या पोरीचं भलं कराले गेलते का वाईट कराले?" आमच्याजवळ उत्तर नव्हते. आणि ऐका, त्या मुलाने स्वतःची तपासणी केलेलीच नव्हती. सहा महिन्यांनी केली, तर तो निघाला एए. म्हणजे त्या दोघांच्या पोटी सिकलसेलचा रोगी जन्मण्याची भीतीच नव्हती. सोयरीक अर्धवट माहितीने मोडली, आणि ती अर्धवट माहिती फलकाला चिकटवणारे हात आमचे होते.

तेव्हापासून आम्ही सांगत आलो आहोत की तपासणी हे अर्धे काम आहे. उरलेले अर्धे म्हणजे समुपदेशन. इंग्रजीत त्याला जेनेटिक कौन्सेलिंग म्हणतात, आपण आनुवंशिक समुपदेशन म्हणू. शब्द जड आहे, गोष्ट साधी आहे. जो आजार मायबापांकडून लेकरांकडे येतो, त्याबद्दल जाणकार माणसाने त्या कुटुंबाला एका बाजूला बसवून, त्यांच्या भाषेत, घाई न करता समजावून सांगायचे. तुमच्या घरात काय आहे, पुढे काय होऊ शकते, कोणकोणते रस्ते आहेत. रस्ता निवडायचा कुटुंबाने. समुपदेशकाने नाही.

आता पॅटर्न म्हणजे काय ते आमच्या धंद्याच्या भाषेत सांगतो. गिरणीत दोन पदरी सूत असते. रक्तातला लाल रंग ज्या हिमोग्लोबिनचा, त्याचेही सूत असेच दोन पदरी समजा. एक पदर मायकडून, एक बापाकडून. दोन्ही पदर चांगले, तो एए. एक चांगला आणि एक सिकलचा, तो एएस. त्याला वाहक म्हणतात. एक पदर पक्का असला म्हणजे सूत तुटत नाही, तसा हा माणूस धडधाकट असतो, हमाली करतो, पोलिसात जातो, नव्वद वर्षे जगतो. त्याला रोगी म्हणू नका. दोन्ही पदर सिकलचे, तो एसएस, आणि तो मात्र आजार आहे. त्याच्या तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकड्या होतात, बारीक नसांत अडकतात आणि वेदनेचा झटका येतो. चांगली पेशी सुमारे 120 दिवस जगते, ही 10-20 दिवसांतच मोडते, म्हणून रक्त कमी पडते आणि डोळे पिवळे दिसतात. आपल्याकडे वर्षानुवर्षे याला कोणी संधिवात म्हटले, कोणी कावीळ, कोणी बाहेरचे लागले म्हणून लिंबू उतरवले. 1958 साली नागपूरच्या डॉ. शुक्ला आणि डॉ. सोळंकी यांनी आपल्या भागातल्या सिकलसेलवर प्रथम लिहिले. त्याआधी किती लेकरे नाव नसलेल्या आजाराने गेली असतील!

एएस आणि एए यांचे लग्न झाले तर काही लेकरे वाहक होतील, रोगी कोणी होणार नाही. एसएस आणि एए यांची सगळी लेकरे वाहक, रोगी एकही नाही. प्रश्न येतो तो दोन्हीकडे एएस असले तर. तेव्हा दर खेपेला चारात एक एसएस होण्याची शक्यता असते. आणि एक एएस, दुसरा एसएस असेल, तर दर खेपेला निम्मी शक्यता.

'दर खेपेला' हा शब्द नीट ऐका. आमच्या ओळखीचे एक जोडपे आहे, दोघेही एएस. पहिला मुलगा एसएस झाला. कोणी तरी घाईत सांगितले, चारातला एक. बाई आम्हाला म्हणाली, "एक दुखणेकरी होऊन गेला, आता तीन पोरं चांगलीच होतील न भाऊ?" आम्हालाही तेच वाटत होते, खोटे कशाला सांगा. तिला घेऊन आम्ही सरकारी दवाखान्यातल्या समुपदेशक ताईंकडे गेलो. ताईंनी दोन वाट्या घेतल्या. प्रत्येकीत एक पांढरा मणी, एक लाल. म्हणाल्या, ही तुमची वाटी, ही तुमच्या मालकाची. डोळे मिटा आणि दोन्हीतून एकेक उचला. दोन्ही लाल आले. ताईंनी मणी परत वाट्यांत टाकले. म्हणाल्या, आता दुसरे लेकरू. पुन्हा दोन्ही लाल. बाई गप्प झाली. मग म्हणाली, "म्हणजे वाटी रिकामी होतच नाही." एवढे एक वाक्य तिला आम्ही दहा भाषणांत समजावू शकलो नव्हतो.

त्याच दिवशी आम्ही आणखी एक पाहिले. ताईंनी कागदावर घराण्याची वंशवेल काढली. पुरुषाला चौकोन, बाईला गोल. तीन पिढ्या विचारल्या. कोण लहानपणी गेले, कशाने गेले, कोणाचे हातपाय दुखायचे. सासू सोबत आली होती. घरात रोज म्हणायची, सुनेने रोग आणला. वंशवेल काढता काढता तिच्याच तोंडून निघाले की तिचा एक दीर सात वर्षांचा असताना हातपाय सुजून, पिवळा पडून गेला. ताई काही बोलल्या नाहीत. नुसता तो चौकोन काळा केला. सासूने बराच वेळ त्याकडे पाहिले. बंधूंनो, एसएस लेकरू एकट्या मायमुळे होऊच शकत नाही, दोन पदर लागतात. तरी आपल्या घरांत दोष कोणाच्या माथी जातो ते भगिनींना सांगायला नको.

दोष हा शब्दच इथे चुकीचा आहे. सिकलचा एक पदर अंगात असलेल्या लेकराला मलेरियाच्या जीवघेण्या प्रकारापासून संरक्षण मिळते. म्हणून जिथे पिढ्यानपिढ्या मलेरिया होता तिथे हा पदर टिकला. आफ्रिकेत, अरबस्तानात, ग्रीसमध्ये, आणि आपल्याकडे विदर्भ, छत्तीसगड, ओडिशा, गुजरातच्या पट्ट्यात. आदिवासींत आहे, आपल्यात आहे, इतर समाजांतही आहे. आपल्या पूर्वजांना मलेरियातून तगवणारी गोष्ट ती, तिला खराब रक्त कसे म्हणायचे? आणि मागच्या जन्मीचे पाप म्हणणाऱ्यांना तर आपल्याकडे थाराच नको. 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात गतजन्मीच्या कर्माचा सिद्धांत तपासताना बाबासाहेबांनी आनुवंशिकतेच्या शास्त्राचाच दाखला घेतला आहे. घरी ग्रंथ आहे, फुले वाहतो; ते प्रकरण मात्र वाचावे.

आणखी एक. 1916 साली अमेरिकेत वाचलेल्या निबंधात बाबासाहेबांनी दाखवले की जातीचे मूळ जातीतल्या जातीत लग्न करण्यात आहे. एकाच गोतावळ्यात सोयरिकी फिरत राहिल्या की तोच पदर त्याच घरांत पुन्हा पुन्हा समोर येतो. आपल्यातही पोटजात बघणारे अजून आहेत, त्यांची नावे घेत नाही, ते समोरच बसले आहेत. त्यांनी विचार करावा. तरी जातीबाहेर लग्न केले म्हणजे तपासणीची गरज नाही असेही नाही. पदराला जात कळत नाही.

आता कोणी म्हणेल, एवढे समजावत कशाला बसायचे? वाहकांच्या लग्नावर बंदीच घाला. या विचाराची आम्हाला भीती वाटते. चांगले रक्त वाढवा, वाईट रक्त खुडा, असे शास्त्राच्या नावाने सांगणारे लोक गेल्या शतकात पुष्कळ झाले. अमेरिकेत हजारो गरिबांची जबरदस्तीने नसबंदी झाली, जर्मनीत 1933 साली तसा कायदाच झाला. आपल्याकडे जातीचे समर्थनही काहींनी याच रक्तशुद्धीच्या आधाराने केले, आणि 1936 साली 'जातिप्रथेचे विध्वंसन' मध्ये बाबासाहेबांनी ते खोडून काढले. 1947 साली शेल्डन रीड या अमेरिकन शास्त्रज्ञाने जेनेटिक कौन्सेलिंग हे नाव रूढ केले, ते या जुन्या विचारापासून वेगळे राहण्यासाठीच. म्हणून समुपदेशक माहिती देतो, हुकूम देत नाही.

आणि नुसत्या तपासणीने काय होते ते जगाने पाहिलेले आहे. ज्यांच्या नावावरून 1972 साली मुंबईत आपली दलित पँथर उभी राहिली, त्या अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरने 1971 पासून काळ्या वस्त्यांत सिकलसेलची मोफत तपासणी सुरू केली, कारण सरकार लक्ष देत नव्हते. मग राज्या-राज्यांनी सक्तीचे कायदे केले. समजावणारे कोणी नाही, त्यामुळे धडधाकट वाहकांना रोगी ठरवून नोकरीत आणि विम्यात अडवले गेले. 1972 च्या केंद्रीय कायद्याला सांगावे लागले की तपासणी स्वेच्छेची हवी आणि समुपदेशनासह हवी. ग्रीसमधल्या ऑर्कोमेनोस गावातही असेच. लोकांना पॅटर्न सांगितले, वाहकांकडे वाकड्या नजरेने पाहू लागले, काहींनी तर सोयरीक जुळवताना पॅटर्न लपवला. ते वाचले तेव्हा आम्हाला आमचा फलक आठवला.

1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल येथून केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली. 40 वर्षांपर्यंतच्या 7 कोटी लोकांची तपासणी आणि 2047 पर्यंत निर्मूलन, असे उद्दिष्ट. चांगले आहे. कार्ड मिळते ते जरूर घ्या. पण कोटींच्या तपासण्या मोजता येतात, एका मायला तासभर बसून समजावले ते कोणत्या रकान्यात लिहायचे? म्हणून कार्ड हातात आले की आपणच विचारायचे, समजावून कोण सांगणार?

दोघेही एएस असतील आणि लग्न ठरले किंवा झाले असेल, तर काय? हे त्यांनी आपसांत, समुपदेशकासमोर ठरवायचे आहे, तुम्ही-आम्ही नाही. पण रस्ते माहीत हवेत. गर्भारपणात 10 ते 13 आठवड्यांच्या दरम्यान वारेचा बारीक तुकडा, किंवा 15 आठवड्यांनंतर गर्भजल तपासून बाळाचा पॅटर्न कळू शकतो. 1994 च्या कायद्याने अशी तपासणी चालते. मुलगा की मुलगी ते मात्र सांगता येत नाही. त्या तपासणीत गर्भ जाण्याचा थोडा धोका असतो, तोही आधी सांगितला पाहिजे. पुढे गर्भ ठेवायचा की कायद्याच्या चौकटीत नाही, हा त्या बाईचा निर्णय. कोणी म्हणेल, आम्हाला तपासणीच नको, लेकरू जसे येईल तसे सांभाळू. त्यांचाही मान राखायचा, आणि जन्मल्याबरोबर बाळाची तपासणी करून उपचार लवकर सुरू करायचे.

गेल्या वर्धापनदिनानंतर वस्तीतला एक एसएस मुलगा, आता कॉलेजात आहे, आम्हाला म्हणाला, "काका, तुम्ही माईकवर सिकलसेल हटवा म्हणता, तेव्हा मला वाटते तुम्ही मला हटवा म्हणता." आम्हाला त्या रात्री झोप लागली नाही. समुपदेशन पुढच्या पिढीसाठी आहे तसे, किंबहुना त्याहून आधी, या जिवंत पोरांसाठी आहे. भरपूर पाणी, थंडीत उबदार कपडे, अंग मोडेपर्यंत मेहनत नाही. ताप आला की घरी वाट पाहत बसायचे नाही, त्याच दिवशी दवाखाना. लहान लेकराचे पोट चाचपून पानथरी कशी पाहायची हे मायला शिकवून घेता येते. ती एकाएकी वाढली आणि पोर पांढरे पडले तर रात्र असो की दिवस, धावत सुटायचे. लसी सगळ्या, न्यूमोनियाचीसुद्धा. हायड्रॉक्सियुरिया नावाच्या गोळीने अनेकांचे झटके कमी होतात, पण ती डॉक्टरच्या देखरेखीतच घ्यायची, आणि मूल हवे असेल तर आधी डॉक्टरला सांगायचे. 2016 च्या दिव्यांग कायद्यात सिकलसेल आहे, त्याचे प्रमाणपत्र निघते. एसएस मुलामुलींनी लग्नही करावे, जोडीदाराचा पॅटर्न पाहून. जनुके दुरुस्त करणारा उपचार 2023 साली इंग्लंड-अमेरिकेत मंजूर झाला खरा, पण त्याची अमेरिकेतली किंमत 22 लाख डॉलर सांगितली गेली. ती आपल्या वस्तीची गोष्ट नाही. पाणी, गोळी आणि वेळेवर दवाखाना, ही आपली गोष्ट आहे.

आज खीरदानानंतर मागच्या खोलीत समुपदेशक ताई बसणार आहेत. खोलीला पडदा लावला आहे, आत तीन खुर्च्या आहेत, एका वेळी एकच कुटुंब. रिपोर्ट बंद पाकिटात, ज्याचे त्याच्या हातात. यादी कुठेही लागणार नाही. विहाराच्या फलकावर आज फक्त जेवणाची वेळ लिहिली आहे. ज्यांच्या घरी या वर्षी साक्षगंध आहे त्यांनी आधी जावे, आणि मुलाकडच्यांनी मुलीच्या आधी बोट पुढे करावे. सर्वांत पहिला नंबर आमचा लावला आहे. आमचा मोठा मुलगा यंदा लग्नाचा आहे, आणि आम्ही दोघा नवराबायकोंनी इतकी वर्षे दुसऱ्यांची शिबिरे घेताना स्वतःची तपासणी केली नव्हती.

जयभीम! नमो बुद्धाय!