भाव फोडणारा चोर: 'द इन्फॉर्मंट!'

आजचा पिक्चर 'द इन्फॉर्मंट!'. उद्गारचिन्ह नावातच आहे. २००९ चा, दिग्दर्शक स्टीव्हन सोडरबर्ग. मॅट डेमन यात पोट सुटलेला, मिशीवाला कंपनीचा साहेब झालाय.

आपण नगरवाले, म्हणजे आता अहिल्यानगरवाले. भ्रष्टाचार उघड करणारा म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर थेट राळेगणसिद्धी येतं. गांधी टोपी, उपोषण, यादवबाबा मंदिरातली खोली. तक्रार करणाऱ्याचे हात स्वच्छ असणारच, हे आपण धरूनच चालतो. हा पिक्चर बरोबर तिथे आपल्याला पकडतो.

गोष्ट खरी आहे. मार्क व्हिटेकर हा अमेरिकेतल्या एडीएम कंपनीत मोठ्या पदावर होता. तिथे लायसिन बनायचं, म्हणजे कोंबड्या-डुकरांच्या खाद्यात घालायचं अमिनो आम्ल. आपल्याकडे साखर कारखान्यात मळी आंबवून स्पिरिट काढतात ना, तसंच तिथे मक्याची साखर जिवाणूंना खाऊ घालून लायसिन काढतात. ते बनवणाऱ्या कंपन्या जगात मोजक्याच, आणि त्या गुपचूप एकत्र बसून भाव ठरवायच्या. १९९२ मध्ये व्हिटेकरने हे एफबीआयला सांगितलं, तेही बायको मागे लागली म्हणून. मग जवळजवळ तीन वर्षं तो टेपरेकॉर्डर लपवून मीटिंगला जात राहिला.

आणि त्याच काळात हा भाऊ खोट्या बिलांवर कंपनीचे सुमारे ९० लाख डॉलर खात होता!

पिक्चरची गंमत त्याच्या डोक्यात चाललेल्या बडबडीत आहे. समोर गंभीर मीटिंग चालू आणि हा पांढऱ्या अस्वलाच्या काळ्या नाकाचा विचार करतोय. स्वतःला ००७ नाही, ००१४ म्हणवतो, कारण जेम्स बाँडपेक्षा आपण दुप्पट हुशार. आणि त्याला मनापासून वाटतं की सगळे साहेब आत गेले की कंपनी आपल्याच हातात देतील.

पण टेप खऱ्या होत्या. मी दिवसभर कोड लिहितो, म्हणून मला हे लगेच पटलं. लॉग कुणी पाठवला हे आम्ही नंतर बघतो, आधी लॉगमध्ये काय आहे ते बघतो. १९९६ मध्ये एडीएमने १० कोटी डॉलर दंड भरला.

आता आपल्याकडे या. रात्रीची लाईट असली की उसाला दारं धरायला जाताना हातात बॅटरी लागते, आणि तिला सेल लागतात. हे सेल विकणाऱ्या एव्हरेडी, निप्पो आणि पॅनासोनिक यांनी मिळून भाव ठरवले, असा आदेश भारतीय स्पर्धा आयोगाने २०१८ मध्ये दिला. एव्हरेडीला १७१.५५ कोटी दंड, निप्पोच्या कंपनीला ४२.२६ कोटी. पॅनासोनिकला? शून्य. कारण हे सगळं आयोगाला आधी सांगितलं त्यांनीच. स्पर्धा कायद्याच्या कलम ४६ मध्ये अशी सवलत आहे.

ऐकून डोकं सणकतं, मान्य. दंड सरकारजमा होतो, सेल घेणाऱ्याला रुपयाही परत मिळत नाही. पण बंद खोलीत ठरलेला भाव बाहेरच्याला कळणार कसा? गावातल्या दुकानात तिन्ही कंपन्यांचे सेल एकदम महागले तर आपण म्हणणार, महागाई वाढली. खोलीत जो बसला होता तोच सांगू शकतो, आणि तिथे बसलेल्या कुणाचेच हात स्वच्छ नव्हते. म्हणून मला ही सवलत हवीच वाटते. फक्त अट कडक पाहिजे: सगळं सांगायचं, काही लपवायचं नाही.

व्हिटेकर नेमका इथेच आपटला. माफीचा करार त्यालाही मिळाला होता. स्वतःची चोरी लपवली आणि तो करार गेला. ज्यांना त्याने पकडून दिलं, त्या दोन साहेबांना आधी दोन-दोन वर्षांची शिक्षा झाली, अपिलात ती थोडी वाढली. हा मात्र साडेआठ वर्षांच्या आसपास आत राहिला.

पिक्चर बघाल तेव्हा एफबीआयच्या शेपर्डकडे लक्ष ठेवा. तो बिचारा अगदी प्रेमाने विचारतो, किती पैसे घेतलेस रे? आणि आकडा दर वेळी वाढलेला असतो.