जुन्या घराच्या खिडकीचे माप



घराला नवी खिडकी बसवायची म्हणजे सुतार किंवा फॅब्रिकेशनवाला येईल, माप घेईल, पैसे सांगेल. त्यात आपण लक्ष घालण्यासारखे काय आहे, असे पुष्कळांना वाटेल. विटासिमेंटच्या नव्या घरापुरते ते बऱ्याच अंशी खरेही आहे. पण आमच्या देगलूरकडे, मुखेड-बिलोलीकडे दगडमातीची माळवदाची जी जुनी घरे अजून उभी आहेत, त्यांतली कुजलेली लाकडी खिडकी काढून तेथे अॅल्युमिनियमची सरकती खिडकी बसवायची असेल, तर मापाचा संबंध भिंतीशी येतो, आणि भिंतीचा डोक्यावरच्या मातीशी.

आपल्या जुन्या घरांना माप नव्हते असे नाही. घर किती मोठे, तर पाच खणांचे. खिडकी केवढी, तर दीड हाताची. सुतार जागेवर बसून लाकूड तासत असे, अडले तेथे रंध्याचे चार हात मारून चौकट भोकाला जुळवून घेत असे, म्हणून हे माप चालून गेले. अॅल्युमिनियमची खिडकी दुकानात कापून, जोडून, पुरी होऊन येते. तिला रंधा मारता येत नाही. मग ती अर्धा इंच मोठी निघाली, की बसवणारा पहार हातात घेतो आणि म्हणतो, "थोडा दगड फोडून घेऊ, काय होतंय?"

काय होतं, ते सांगतो. आपली जुनी भिंत दोन-अडीच फूट जाड असते, आणि जाड आहे म्हणून ती भक्कम आहे अशी आपली समजूत असते. वस्तुतः त्या पुष्कळदा दोन भिंती असतात : बाहेरून एक दर्शनी थर, आतून एक, आणि मध्ये मातीत बसवलेला गोटा-भरताड. दोन्ही थरांना बांधून ठेवणारे लांब आरपार दगड घातलेले असतील तर बरे. पुष्कळ ठिकाणी ते नसतात. 30 सप्टेंबर 1993 रोजी पहाटे लातूर जिल्ह्यात किल्लारीला भूकंप झाला, तेव्हा अशाच भिंतींचे थर एकमेकांपासून सुटले, वरचे मातीचे जड माळवद खाली आले आणि झोपेतली हजारो माणसे गाडली गेली. किल्लारी आपल्यापासून फार दूर नाही. खिडकीचे भोक म्हणजे भिंतीतली मुळातच दुबळी जागा. तेथे पहारीचे घाव घालून आजूबाजूचे दगड हलवणे, कोपऱ्याच्या बाजूला भोक वाढवणे किंवा वरचे ओझे पेलणारे लाकूड ढिले करणे यांसारखा महागाचा सौदा नाही. तेव्हा भोकाप्रमाणे खिडकी करावी. खिडकीप्रमाणे भोक करू नये. मापाला एवढे महत्त्व आहे ते यासाठी.

प्रथम जुनी चौकट काढायची की ठेवायची, हे ठरवा. एक खिळा घेऊन चौकटीच्या खालच्या लाकडाला आणि कोपऱ्यांना टोचून पाहा. पावसाचे पाणी तेथे मुरते, वाळवीही तेथूनच शिरते. खिळा सहज आत जात नसेल, लाकूड खणखणीत असेल, तर चौकट राहू द्या आणि तिच्या आत मापाने नवी झडपे करून घ्या. जुन्या चौकटीची आडवी लाकडे पुष्कळदा दोन्ही अंगांनी भिंतीत शिरलेली असतात. ओढून काढली तर दगड घेऊनच बाहेर येतात. काढणे भागच असेल, तर ती जागच्या जागी करवतीने कापावी.

आता माप. भिंत आतल्या अंगाला फाकवलेली असते, उजेड पसरावा म्हणून. तेव्हा घरात उभे राहून, दिसेल तेथे टेप लावला तर माप मोठे येणार. नवी खिडकी जेथे बसेल त्याच जागी, सुटा गिलावा खरवडून, टेप लावावा. रुंदी तीन ठिकाणी घ्या : वर, मध्ये आणि खाली. समजा, वर 36 इंच आले, मध्ये 35 इंच 6 सूत, खाली 36 इंच 2 सूत. यांतले सर्वांत लहान ते खरे. सरासरी काढू नका. सरासरीची खिडकी मध्येच अडकेल. 35 इंच 6 सुतांतून दोन्ही बाजूंना दोन-दोन सूत सोडले, म्हणजे खिडकी झाली 35 इंच 2 सुतांची. उंचीलाही हाच नियम. सोडलेली फट वाया जात नाही. चार फुटांची अॅल्युमिनियमची पट्टी थंडीच्या पहाटेपासून मे महिन्याच्या उन्हापर्यंत सुमारे एक मिलिमीटर वाढते, आणि प्लास्टिकची, म्हणजे यूपीव्हीसीची, त्याच्या दुपटीहून अधिक.

पण एवढ्याने भागत नाही, आणि येथे शिक्षकबंधूंनी विशेष लक्ष द्यावे. भोक 36 इंच रुंद आणि 48 इंच उंच आहे, तिन्ही ठिकाणी रुंदी बरोबर 36 आली, तरीही 36 इंचांची खिडकी आत जाईलच असे नाही. कारण समोरासमोरच्या बाजू समान असणे हा समांतरभुज चौकोनाचाही गुण आहे. म्हणून कर्ण मोजायचे. चौकट गुण्यात असेल तर दोन्ही कर्ण 60 इंच भरतील. तीन, चार, पाचचे आपले जुने गणित. एक 61 आणि दुसरा 59 भरला, तर भोक दीड इंचाहून थोडे अधिक कललेले आहे, आणि सरळ उभी खिडकी तेवढी अरुंद करावी लागेल. पायथागोरसाचा सिद्धान्त फळ्यावर शिकवताना पेंगणारी मुले शाळेच्या खिडकीचे दोन कर्ण मोजायला लावली की कशी जागी होतात, ते करून पाहावे. सगळ्या खिडक्या मोजून होईपर्यंत घंटा झालेली कळत नाही.

लिहिण्यातही घोटाळा होतो. मेट्रिक मापांचा कायदा 1956 साली झाला, तरी आपल्या तोंडात फूट, इंच आणि सूतच आहेत. त्याला हरकत नाही. पण साडेतीन फूट, म्हणजे 3 फूट 6 इंच, हे कागदावर '3.6' असे लिहू नये. हिशेबाचे यंत्र त्याचा अर्थ 43 इंचांहून अधिक असा घेईल आणि इंचाहून जास्त फरक पडेल. सगळे इंच-सुतांत लिहा, नाही तर सगळे मिलिमीटरांत. टेप एकच वापरा, आणि तो शिंप्याचा कापडी नको. तो ताणला जातो.

आणखी एक. दोन झडपांची सरकती खिडकी केव्हाही निम्मीच उघडते. दीड हाताच्या जुन्या खिडकीची हवा अशी अर्धी झाली, तर चुलीच्या खोलीत धूर कोंडेल. तेथे बिजागरीची झडपेच बरी, मग दुकानदार काहीही म्हणो. झडपे आत उघडणार की बाहेर, आणि गज कोणत्या अंगाला, हेही मापाच्या कागदावर 'घरातून पाहताना' असे स्पष्ट लिहून चित्र काढावे. त्या कागदाच्या दोन प्रती करून एक दुकानदाराला द्यावी, आणि त्याची सही घेतलेली दुसरी, खिडकी बसेपर्यंत, आपल्याजवळ ठेवावी.