सांधा मधोमध आणा

माझं पहिलं फुलांचं डिझाइन संगणकाच्या पडद्यावर सुरेख दिसत होतं. वीस मीटर कापड छापून आलं, तेव्हा दर वीतभर अंतरावर एक सरळ रेघ, आणि तिथं फुलं अर्धी तुटलेली! कापड वाया गेलं. त्याचे पैसे माझ्याच मानधनातून कापले गेले.

चूक साधी होती. चित्र शेजारी शेजारी मांडलं की त्याची उजवी कड पुढच्या चित्राच्या डाव्या कडेला भिडते आणि खालची कड वरच्या कडेला. त्या जुळतात का, हे मी पाहिलंच नव्हतं.

यासाठी फोटोशॉपमध्ये ‘ऑफसेट’ हा फिल्टर आहे. चित्र १००० पिक्सेलचं असेल तर ते ५०० आडवं आणि ५०० उभं सरकवायचं, ‘रॅप अराउंड’ निवडायचं. बाहेर गेलेला भाग समोरच्या बाजूनं आत येतो. बाहेरच्या कडा जुळतात आणि सांधा अधिक चिन्हासारखा मधोमध येतो. तो ‘क्लोन स्टॅम्प’नं बुजवायचा, मात्र कडांना धक्का लावायचा नाही. मग ‘डिफाइन पॅटर्न’ करून मोठ्या पानावर भरून पाहायचं. एखादं फूल फार भडक असेल तर तेही रांगेनं डोळ्यांत खुपतं. ते थोडं फिकं करायचं.

आता ही पाहणी झाल्याशिवाय मी एकही डिझाइन छपाईला देत नाही.