रविवारचा फुल, रोजचा इन्क्रिमेंटल

हेडफोन लावलेत ना? आजचा विषय आहे डेटाबेसचा बॅकअप. कॉलेजचा प्रोजेक्ट असो, मित्राच्या क्लासचं फीचं ॲप असो, "बॅकअप चालू आहे" असं सगळेच सांगतात. तो परत उभा राहतो का, हे किती जण बघतात?

आधी शब्द समजून घेऊ. गावातल्या दुकानदाराची उधारीची वही आठवा. दिवाळीला नवी वही सुरू करताना तो प्रत्येक गिऱ्हाइकाची बाकी नव्या वहीत ओढतो. हा झाला फुल बॅकअप, म्हणजे त्या घडीचं सगळं चित्र. मग रोज जे दिलं-घेतलं, तेवढंच लिहितो. हा इन्क्रिमेंटल. आजची बाकी काढायची तर दोन्ही लागतात. ओढलेली बाकी नसेल तर रोजच्या नोंदी निरर्थक, आणि मधलं एक पान फाटलं तर पुढची बेरीज चुकलीच.

आता आकडे बघू. समजा डेटाबेस १०० जीबीचा आहे आणि रोज साधारण २ जीबी बदलतो. रोज फुल घेतला तर आठवड्याला ७०० जीबी. रविवारी फुल आणि बाकी सहा दिवस इन्क्रिमेंटल घेतला तर ११२ जीबी. फरक केवढा! पण ही बचत फुकट नाही. शनिवारी सर्व्हर गेला तर रविवारचा फुल आणि सोमवार ते शनिवार, असे सगळे तुकडे क्रमाने लावावे लागतात. बुधवारची फाइल खराब निघाली तर तुम्ही मंगळवारपर्यंतच पोचता. गुरुवार, शुक्रवार, शनिवार हातात असूनही उपयोग शून्य.

मधला मार्ग म्हणजे डिफरन्शियल. यात रोज "रविवारनंतर जे जे बदललं ते सगळं" घेतात. रोज नवीनच भाग बदलतोय असं धरलं तर आठवड्याला १४२ जीबी होतात. जागा थोडी जास्त लागते, पण परत आणताना दोनच फाइली पुरतात.

आता एक सापळा सांगते. बरेच जण स्वतःची स्क्रिप्ट लिहितात. टेबलमध्ये "शेवटचा बदल कधी" असा कॉलम असतो, म्हणून कालपासून बदललेल्या ओळी उचलायच्या आणि झाला इन्क्रिमेंटल! पण डिलीट झालेल्या ओळीचं काय? ती टेबलमध्येच नाही, तर स्क्रिप्टला दिसणार कुठून? रिस्टोअर केलं की ती ओळ फुल बॅकअपमधून पुन्हा जिवंत होते. क्लास सोडून गेलेल्या मुलाला फी थकल्याचा मेसेज जातो. शिवाय विद्यार्थ्यांचं टेबल रात्री दोनला आणि फीचं सव्वादोनला उचललं, तर ज्याची फी जमा आहे तो विद्यार्थीच यादीत नाही, असंही होऊ शकतं.

म्हणून हे काम डेटाबेसच्या स्वतःच्या नोंदींवर सोपवा. मायएसक्यूएलमध्ये बायनरी लॉग असतो. प्रत्येक बदल त्यात क्रमाने लिहिला जातो, डिलीटसुद्धा. फुल घेताना लॉग कुठपर्यंत आला होता ती जागा टिपून ठेवायची. समजा कुणी दुपारी ३ वाजून १० मिनिटांनी अट न लावता डिलीट चालवलं आणि सगळं टेबल साफ झालं. तर फुल लावा आणि तिथून पुढचा लॉग त्या डिलीटच्या अगदी आधीपर्यंत चालवा. पण हे चालू डेटाबेसवर नको, वेगळ्या सर्व्हरवर करा आणि मग हवं ते टेबल तेवढंच इकडे आणा.

पोस्टग्रेसमध्ये अशाच नोंदीला वॉल म्हणतात. २०२४ मध्ये आलेल्या १७ व्या आवृत्तीपासून त्यात इन्क्रिमेंटल बॅकअपची सोय मुळातच आहे. फुल आणि त्यावरचे तुकडे जोडून एक नवा फुल तयार करणारं साधनही सोबत मिळतं. मात्र त्यासाठी वॉलचा सारांश ठेवण्याची सेटिंग आधी चालू करावी लागते, ती आपोआप चालू नसते.

हे सगळं नीट बसवलं तरी एक काम उरतं, ते म्हणजे तपासणी. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅबच्या एका इंजिनिअरकडून मुख्य डेटाबेसचं फोल्डर डिलीट झालं. जवळपास ३०० जीबी डेटा होता. रोजचा बॅकअप शोधायला गेले तर तो तयारच होत नव्हता, कारण डेटाबेस ९.६ चा आणि बॅकअपचं साधन ९.२ चं. अपयशाचे ईमेल निघत होते, पण तेही नाकारले जात होते. सुदैवाने सुमारे सहा तासांपूर्वी हाताने घेतलेला एक स्नॅपशॉट होता, त्यावर साइट उभी राहिली. मधल्या सहा तासांतला डेटाबेसमधला डेटा गेला. कंपनीने हे सगळं लोकांसमोर उघडपणे मांडलं, म्हणून आज आपण त्यातून शिकतोय.

तर या आठवड्याचा गृहपाठ. तुमचा शेवटचा फुल आणि त्यावरचे तुकडे घ्या, दुसऱ्या मशीनवर लावा आणि घड्याळ लावून बघा किती वेळ लागतो. मग एखाद्या टेबलच्या ओळी मोजा आणि बॅकअपच्या वेळी मोजून ठेवलेल्या आकड्याशी ताडून बघा. तुकड्यांची साखळी लांबली असेल तर फुल लवकर घ्या. आणि नवा फुल एकदा लावून तपासल्याशिवाय जुनी साखळी पुसू नका.

चला, पुढच्या भागात भेटू. तोवर वही जपा!