फिरते घर निवडताना : एक आस की दोन आस?

(पर्यटन व्यवसायात नव्याने पदार्पण करू इच्छिणाऱ्या उद्योजकांच्या जिल्हास्तरीय शिबिरात एका माहिती अधिकाऱ्याने केलेल्या भाषणाचा मजकूर)



राज्य शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. जेथे पक्के बांधकाम करणे शक्य नाही किंवा इष्ट नाही, अशा निसर्गरम्य स्थळीही पर्यटकांच्या निवासाची सोय चाकांवरील घरात व्हावी, हा त्यामागील हेतू होता. कॅराव्हॅन कशाला म्हणावे हे सांगताना त्या धोरणात एक आसाची आणि दोन आसांची असे दोन्ही प्रकार नमूद करण्यात आले. यांपैकी कोणता प्रकार घ्यावा, हा प्रश्न आपल्यापैकी अनेकांच्या मनात आहे. मी अभियंता नव्हे. परंतु या विषयाची जी माहिती मी संकलित केली, ती आपल्यापुढे ठेवीत आहे. यात आपली पुंजी गुंतणार आहे आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे रस्त्यावरील माणसांचे प्राणही गुंतलेले आहेत.

प्रथम एक खुलासा. ज्या मोटारगाडीतच घर बांधलेले असते, तिच्याविषयी मी बोलत नाही. मोटारीच्या मागे जोडून ओढून न्यावयाच्या घराविषयी मी बोलत आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात अशा ओढल्या जाणाऱ्या वाहनाची, म्हणजे ट्रेलरची, स्वतंत्र व्याख्या आहे.

हौसेने फिरते घर घेऊन हिंडण्याची प्रथा रुजली ती ब्रिटनमध्ये. १८८५ साली डॉ. गॉर्डन स्टेबल्स यांनी सुमारे दोन टन वजनाचे, दोन घोड्यांनी ओढावयाचे घर बांधवून घेतले व ते थेट स्कॉटलंडपर्यंत नेले. १९०७ मध्ये तेथे अशा हौशी प्रवाशांचा क्लब स्थापन झाला आणि १९१९ पासून मोटारीमागे जोडावयाची घरे कारखान्यात तयार होऊ लागली. एवढ्या दीर्घ अनुभवातून तेथे जे नियम व संकेत ठरले, त्यांचा आपणास उपयोग होण्यासारखा आहे.

आता मूळ मुद्दा. एक आस म्हणजे दोन चाके आणि दोन आस म्हणजे चार चाके, हे उघड आहे. परंतु ऊस वाहणाऱ्या चारचाकी ट्रॉलीचे चित्र येथे डोळ्यांपुढे आणू नये. त्या ट्रॉलीचा एक आस पुढे व एक मागे असतो. कॅराव्हॅनचे दोन्ही आस मध्यभागी एकमेकांलगत असतात. म्हणून आस एक असो वा दोन, घराचा काही भार पुढच्या दांडीवर आणि दांडीतून मोटारीवर येतोच.

हे तत्त्व आपल्या शेतकऱ्याला नवे नाही. बैलगाडीत माल मागे जास्त झाला की गाडी उलार होते आणि जू वर उचलले जाते. पुढे जास्त झाला की बैलांच्या मानेवर ओझे येते. कॅराव्हॅनचेही तसेच आहे. ब्रिटनमधील संकेतानुसार भरलेल्या घराच्या एकूण वजनाच्या ५ ते ७ टक्के भार दांडीवर असावा. घर १,४०० किलोचे असेल, तर हा भार ७० ते ९८ किलो होतो. मात्र मोटारीच्या व जोडणीच्या निर्मात्याने याहून कमी मर्यादा घातली असेल, तर तीच पाळावी.

दोन आसांच्या घराचे गुण मोठे आहेत. भार चार चाकांवर विभागला जातो. सरळ रस्त्यावर ते अधिक स्थिर चालते, खड्ड्यात कमी हिंदकळते. एखादा टायर फुटला तरी त्या बाजूचे दुसरे चाक आधार देते आणि चालकास गाडी सावरण्यास अवसर मिळतो. आकारमान मोठे असल्यामुळे मोठ्या कुटुंबाची सोय होते.

परंतु त्याची किंमतही मोजावी लागते. अरुंद वळणावर चारही चाके एकाच वर्तुळात नीट फिरू शकत नाहीत. टायर जमिनीवर घासत सरकतात. त्यामुळे दोन-चार माणसांनी हाताने ढकलून असे घर फिरवणे फार कष्टाचे असते. एक आसाचे हलके घर मात्र जवळजवळ जागच्या जागी वळवता येते. टायर व ब्रेक दोन आसांत दुप्पट, म्हणजे त्यांच्या देखभालीचा खर्चही वाढतो. येथे हेही सांगितले पाहिजे की उभ्या राहणाऱ्या वाहनाचे टायर झिजण्यापूर्वीच जुने होऊन कमजोर होतात; नक्षी शाबूत आहे म्हणून ते चांगले आहेत, असे समजू नये.

मग निवड कशी करावी? माझे सांगणे एवढेच आहे की घर पाहण्यापूर्वी ते ओढणारी मोटार आणि ते न्यावयाचा रस्ता पाहावा. आस किती, हे त्यानंतर आपोआप ठरते.

ब्रिटनमध्ये नवख्या चालकांना असा सल्ला दिला जातो की भरलेल्या घराचे वजन रिकाम्या मोटारीच्या वजनाच्या ८५ टक्क्यांहून अधिक असू नये. आपली मोटार १,७०० किलोची असेल, तर घर १,४४५ किलोपर्यंतचे असावे. हा पल्ला बहुधा एक आसाचा आहे. १,८०० किलोचे दोन आसांचे घर घ्यावयाचे, तर या हिशेबाने मोटार सुमारे २,१२० किलोची हवी. मोटारीच्या निर्मात्याने ओढण्याची मर्यादा दिली आहे काय, हे पुस्तिकेत पाहावे. दिली नसल्यास लेखी विचारणा करावी.

रस्त्याचा विचार आपल्या राज्यात विशेष अगत्याचा. घाटातील आखूड वळणे, कोकणातील दोन्ही बाजूंनी गडगे असलेल्या वाटा आणि पावसाळ्यात चाक रुतविणारी काळी माती, या ठिकाणी हलके व आटोपशीर घरच सोयीचे. उलट महामार्गालगत प्रशस्त वाहनतळ आहे, प्रवेशाचा रस्ता रुंद आहे आणि घर हंगामभर एकाच जागी उभे राहणार आहे, अशा ठिकाणी दोन आसांचे घर शोभून दिसेल आणि उपयोगीही पडेल.

चार चाके आहेत म्हणून निर्धास्त राहणे मात्र घातक ठरेल. मागे ओझे भरले, तर चारचाकी घरही वेगात शेपटासारखे डोलू लागते. जड सामान तळाशी व आसाजवळ ठेवावे, हलके वर ठेवावे. घर डोलू लागल्यास ब्रेक जोराने दाबू नये. स्टिअरिंग स्थिर धरून वेग हळूहळू उतरू द्यावा. ब्रिटनमध्ये अशा वाहनांना साध्या दुपदरी रस्त्यावर ताशी ५० मैल, म्हणजे सुमारे ८० किलोमीटर, ही वेगमर्यादा आहे. आपल्या घाटात तर वेग याहून पुष्कळच कमी हवा आणि उतारावर खालचा गिअर हवा. चालत्या घरात कोणीही बसू नये, मुले तर नाहीच नाही.

एक गोष्ट राहिली. दोन आसांच्या घराची दांडी जमिनीला समांतर राहिली पाहिजे. जोडणी फार उंच किंवा फार खाली झाली, तर भार एकाच आसावर जाऊन दुसरा आस नाममात्र उरतो आणि आपण दिलेले अधिक पैसे वाया जातात.

नव्या उद्योजकाने पहिले घर एक आसाचे घ्यावे, त्यावर दोन हंगाम अनुभव घ्यावा आणि मागणी पाहून मगच मोठ्याचा विचार करावा, असे माझे मत आहे. खरेदीपूर्वी भरलेल्या स्थितीतील वजन काट्यावर करून पाहावे, नोंदणी व परवान्याविषयी परिवहन कार्यालयात चौकशी करावी आणि सवलतींची सद्यःस्थिती पर्यटन संचालनालयाकडून समजून घ्यावी.

आपल्या घरात उतरणारा पाहुणा आपल्या भरवशावर रात्री निश्चिंत झोपणार आहे. तो भरवसा चाकांच्या संख्येवर अवलंबून नाही. तो आपण केलेल्या हिशेबावर आणि घेतलेल्या काळजीवर अवलंबून आहे.